ट्रक कॅम्परचे बाहेरचे दिवे लागत नाहीत, बॅटरीही चार्ज होत नाही? वायरिंगमधला दोष असा शोधा

मोबाईल चार्जिंगला लावला, स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्हही आलं, पण तासाभराने बघितलं तर बॅटरी १८ टक्क्यांवरून १६ वर आलेली. असं तुमच्यासोबत कधीतरी झालं असेलच. दोष मोबाईलचा नसतो, चार्जरचाही नसतो. मधली केबल खराब असते. आजच्या लेखातली समस्या अगदी हीच आहे, फक्त मोबाईलच्या जागी एक छोटं घर आहे आणि चार्जरच्या जागी पिकअप ट्रकचं इंजिन.

मी कामानिमित्त अमेरिकेत राहतो. इथे ट्रक कॅम्पर हा प्रकार भरपूर दिसतो. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं चार-पाच जण मिळून असा कॅम्पर भाड्याने किंवा सेकंड-हँड घेतात आणि फिरायला निघतात. गाडीची माहिती सगळे घेतात, वायरिंगकडे कुणीच बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. त्याची किंमत काय मोजावी लागली ते पुढे सांगतोच. आधी विषय समजून घेऊया.

ट्रक कॅम्पर म्हणजे काय?

पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात सरकवून बसवता येणारी खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. आत झोपायची जागा, छोटं किचन, हीटर, फ्रीज, कधी कधी टॉयलेटसुद्धा असतं. ट्रिप संपली की जॅकवर उचलून कॅम्पर खाली उतरवायचा आणि ट्रक पुन्हा रोजच्या कामाला वापरायचा.

आता मुद्दा असा की कॅम्परमध्ये इंजिन नसतं. त्याची स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी असते. आतले दिवे, पाण्याचा पंप, गॅस हीटरचा पंखा आणि गॅसगळतीचा अलार्म हे सगळं त्याच बॅटरीवर चालतं. ही बॅटरी तीन मार्गांनी चार्ज होते:

१. कॅम्पिंगच्या जागी मिळणाऱ्या १२० व्होल्ट विजेवरून, कॅम्परमधल्या कन्व्हर्टरमार्फत
२. छतावरच्या सोलर पॅनेलवरून
३. गाडी चालू असताना ट्रकच्या अल्टरनेटरवरून

तिसऱ्या मार्गासाठी ट्रक आणि कॅम्पर यांच्यामध्ये एक जाड केबल असते. तिच्या टोकाला ७ पिनांचा प्लग असतो. याच केबलमधून बाहेरच्या दिव्यांचे सिग्नलही जातात. म्हणजे दिवे आणि चार्जिंग या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या तरी त्यांचा रस्ता एकच आहे. म्हणूनच बऱ्याचदा दोन्ही एकदम बिघडतात.

बाहेरचे दिवे एवढे महत्त्वाचे का?

कॅम्परचा मागचा भाग ट्रकच्या बाहेर आलेला असतो. त्यामुळे ट्रकचे स्वतःचे टेल लाइट अर्धवट किंवा पूर्ण झाकले जातात. मागच्या गाडीला जे दिसतं ते कॅम्परचे दिवे. ते बंद असतील तर रात्री हायवेवर तुम्ही जवळपास अदृश्य असता.

छताजवळ जे छोटे दिवे असतात तेही शोभेचे नाहीत. अमेरिकेत ८० इंच, म्हणजे सुमारे २ मीटर किंवा त्याहून जास्त रुंद वाहनांना ते लागतात. पुढे अंबर, मागे लाल. ‘ही गाडी एवढी रुंद आणि एवढी उंच आहे’ हे अंधारात दुरून कळावं, हा त्यांचा उद्देश.

७ पिनांच्या प्लगमध्ये काय काय असतं?

उत्तर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या या प्लगमधली कामं अशी:

- ग्राउंड, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ‘अर्थ’ म्हणतात ती परतीची वायर
- टेल लाइट आणि सगळे छोटे मार्कर दिवे
- डावा इंडिकेटर आणि डावा ब्रेक लाइट
- उजवा इंडिकेटर आणि उजवा ब्रेक लाइट
- ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा सिग्नल (कॅम्परला स्वतःची चाकं नसतात, म्हणून त्याला याची गरज नसते)
- बॅटरी चार्जिंगची १२ व्होल्ट वायर
- रिव्हर्स लाइट

नीट बघा, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एकाच वायरवर आहेत. ब्रेक दाबला की दिवा सलग पेटतो, इंडिकेटर दिला की तोच दिवा उघडझाप करतो. त्यामुळे ब्रेक लाइट लागत नसेल तर आधी इंडिकेटर देऊन बघा. इंडिकेटर चालत असेल तर बल्ब आणि कॅम्परची वायर ठीक आहे, दोष ट्रकच्या बाजूला आहे. एका मिनिटात अर्धं काम झालं!

रंगांवर विश्वास ठेवू नका

इथे खूप जण फसतात. या प्लगसाठी रंगांच्या दोन पद्धती चालतात.

साध्या ट्रेलरची पद्धत: पांढरी ग्राउंड, तपकिरी टेल लाइट, पिवळी डावी, हिरवी उजवी, निळी ब्रेक, काळी चार्जिंग, जांभळी रिव्हर्स.

कॅम्पर आणि मोटरहोम बनवणाऱ्यांची पद्धत: पांढरी ग्राउंड, हिरवी टेल लाइट, लाल डावी, तपकिरी उजवी, निळी ब्रेक, काळी चार्जिंग, पिवळी रिव्हर्स.

म्हणजे एका पद्धतीत हिरवी वायर उजव्या इंडिकेटरची, तर दुसऱ्या पद्धतीत टेल लाइटची! तपकिरीचंही तसंच. आधीच्या मालकाने रंगाला रंग जोडून प्लग बदलला असेल, तर इंडिकेटर दिल्यावर सगळे मार्कर दिवे उघडझाप करायला लागतात. म्हणून रंग बघून वायर जोडायची नाही. कोणती पिन कशासाठी आहे ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये बघायचं आणि मग मोजून खात्री करायची.

आमच्याबरोबर काय झालं?

ऑक्टोबर महिना होता. आम्ही तिघे मित्र एक जुना कॅम्पर घेऊन शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर डेन्व्हरहून युटामधल्या मोॲबला निघालो. निघताना प्लग लावला, दिवे तपासले. सगळे छान लागले. रात्री पाच-सहा तास गाडी चालवली, काही अडचण नाही.

शनिवारी रात्री तीनच्या सुमारास हीटर बंद पडला. गॅस भरपूर होता, पण पंखा फिरवायला बॅटरीत जीव नव्हता. सकाळी उठलो तेव्हा आतल्या काचेवर बर्फाचा पातळ थर होता. आमचा निष्कर्ष तयार होता: बॅटरी म्हातारी झाली, घरी गेल्यावर नवीन घेऊ.

रविवारी रात्री परत येताना एक मोठा ट्रक मागून आला आणि अगदी शेवटच्या क्षणी लेन बदलून जोरात हॉर्न देत पुढे गेला. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवून मागे जाऊन बघितलं, तर टेल लाइट निखाऱ्यासारखे मंद. ब्रेक दाबल्यावर ते आणखी मंद होत होते. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला आम्ही किती उशिरा दिसलो असू, हे तेव्हा कळलं आणि हातपाय गार पडले.

मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. इंजिन बंद करून पार्किंग लाइट लावले की कॅम्परचे दिवे पूर्ण मेलेले. इंजिन चालू केलं की मंद का होईना, जिवंत. याचं कारण लेखात पुढे येईल. तोपर्यंत तुम्हीही अंदाज बांधा!

लागणारी साधनं

- साधा डिजिटल मल्टिमीटर (भारतात काहीशे रुपयांत मिळतो)
- बल्ब असलेला १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प
- ८-१० मीटर लांब वायर, दोन्ही टोकांना क्लिप
- पॉलिश पेपर, छोटा वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर
- वेगवेगळ्या अँपिअरचे जादा फ्यूज
- तुमचा मोबाईल

मल्टिमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला? कारण मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरचा जोड गंजून जेमतेम टेकलेला असेल तरी तो १२.५ व्होल्ट दाखवू शकतो. पण त्याच वायरवर बल्ब लावला की तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. व्होल्टेज नेहमी लोड चालू असताना मोजायचं. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी हा लेख वाचल्याचं सार्थक झालं म्हणा.

हात लावण्याआधी

१२० व्होल्टची बाहेरची वीज काढून टाका. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, कारण धातू बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागला तर क्षणात लालबुंद होतो. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी नको. आणखी एक गोष्ट: प्लग ट्रकमधून काढला तरी बऱ्याच कॅम्परमध्ये त्याच्या चार्जिंगच्या पिनवर कॅम्परच्या बॅटरीचे १२ व्होल्ट असतातच. तो प्लग लोखंडावर टेकवून ठेवू नका.

भाग १: दिव्यांचा दोष शोधणे

सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना आपण कोड मधोमध तोडतो आणि विचारतो, चूक वरच्या अर्ध्यात आहे की खालच्या? इथेही तेच करायचं. मधला बिंदू म्हणजे प्लग.

पायरी १: प्लग काढा आणि ट्रकच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावा. लॅम्पची क्लिप सॉकेटच्या ग्राउंड पिनला लावा, ट्रकच्या बॉडीला नाही. बॉडीला लावली तर ग्राउंड पिनचा दोष लपून जाईल. मित्राला टेल लाइट, डावा, उजवा, ब्रेक असं एकेक लावायला सांगा.

पायरी २: एखाद्या पिनवर लॅम्प पेटला नाही तर ट्रकचा फ्यूज बॉक्स बघा. ट्रेलरच्या दिव्यांचे फ्यूज बहुतेक पिकअपमध्ये ट्रकच्या स्वतःच्या दिव्यांपेक्षा वेगळे असतात. म्हणून ट्रकचे दिवे लागतात आणि कॅम्परचे लागत नाहीत, हे अगदी शक्य आहे. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. जागेवरच ठेवून, वरच्या दोन्ही छोट्या टोकांवर व्होल्टेज मोजा. एका टोकावर आहे, दुसऱ्यावर नाही म्हणजे फ्यूज गेला.

पायरी ३: सगळ्या पिनांवर लॅम्प पेटला तर ट्रक निर्दोष. आता कॅम्परचा प्लग हातात घ्या. वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीचं निगेटिव्ह प्लगच्या ग्राउंड पिनला जोडा. पॉझिटिव्ह वायरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून ती एकेका दिव्याच्या पिनला लावा. इथे कॅम्परची स्वतःची बॅटरी वापरू नका. ती वापरली तर करंट ग्राउंड पिनमधून जाणारच नाही आणि त्या वायरची परीक्षा होणार नाही. एवढंच नाही, कॅम्परची बॅटरी जोडलेली असेल तर तिचं निगेटिव्ह या चाचणीपुरतं काढून ठेवा.

पायरी ४: लक्षणांवरून नेमकी जागा शोधा:

- एकच दिवा बंद: बल्ब, होल्डर किंवा त्या दिव्याची ग्राउंड वायर
- एका जागेपासून पुढचे सगळे मार्कर बंद: दिवे एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणून शेवटचा चालू आणि पहिला बंद दिवा यांच्यामधला जोड सुटलाय
- इंडिकेटर दिला की भलतेच दिवे मंद लुकलुकतात: ग्राउंड खराब. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो
- दिवा लावताच फ्यूज उडतो: वायर कुठेतरी सोलून धातूला लागलीय. मार्कर एकेक करून काढत जा, फ्यूज टिकला की ती जागा सापडली
- पावसानंतरच बंद पडतात: मार्कर दिव्याच्या कडेचं सील गेलंय. हे लगेच करा, कारण तेच पाणी भिंतीतलं लाकूडही कुजवतं

पायरी ५: प्लग आणि सॉकेटच्या आत टॉर्च मारून बघा. हिरवा-पांढरा थर म्हणजे तांब्यावर चढलेला गंज. बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तो फार लवकर चढतो. क्लीनर, ब्रश आणि पॉलिश पेपरने पिना चकचकीत करा, मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा.

भाग २: चार्जिंगचा दोष शोधणे

आधी सोलर पॅनेल झाका किंवा त्याचा स्विच बंद करा, बाहेरची वीज काढा. नाहीतर उन्हाने होणारं चार्जिंग ट्रकच्या नावावर जमा होईल आणि तुम्ही फसाल.

चाचणी १: इंजिन बंद, कॅम्परमधलं सगळं बंद. बॅटरीचं व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरी थोडा वेळ निवांत असेल तर १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे धोक्याची घंटा.

चाचणी २: इंजिन चालू करा, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा. आकडा १३ च्या वर चढला तर चार्जिंग पोहोचतंय. जागचा हललाच नाही तर रस्ता कुठेतरी तुटलाय.

चाचणी ३: प्लग काढून ट्रकच्या सॉकेटवर चार्जिंग पिन आणि ग्राउंड पिन यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा, इंजिन चालू ठेवा. लॅम्प पेटला नाही तर दोष ट्रकमध्ये. काही पिकअपमध्ये या लाइनचा फ्यूज किंवा रिले कंपनीतून बसवूनच येत नाही, नंतर टाकावा लागतो. वर्षानुवर्षं चार्जिंग कधी झालेलंच नसतं आणि मालकाला पत्ता नसतो!

चाचणी ४: ट्रक ठीक असेल तर प्लग, कॅम्परमधला फ्यूज किंवा ब्रेकर, आयसोलेटर, बॅटरी या क्रमाने प्रत्येक ठिकाणी मोजत जा. जिथे आकडा अचानक पडतो, तिथे चोर आहे.

आयसोलेटर म्हणजे ट्रकची आणि कॅम्परची बॅटरी गरजेनुसार जोडणारा आणि तोडणारा भाग. रिले प्रकारात ‘टक’ असा आवाज आला म्हणजे तो काम करतोय असं समजू नका, आतले पॉइंट जळालेले असू शकतात. दोन्ही टोकांवर मोजा. उलट तो चिकटून राहिला तर रात्रभर हीटर चालतो कॅम्परमध्ये आणि सकाळी स्टार्ट होत नाही ट्रक.

चार्जिंग होतंय, पण अगदी हळू: व्होल्टेज ड्रॉप

मोबाईलच्या बारीक केबलची गोष्ट इथे लागू पडते. इंजिन पुढे, कॅम्परची बॅटरी मागे. एका बाजूचं अंतर ७ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १४ मीटर वायर झाली. प्रत्येक वायरला थोडा रेझिस्टन्स असतो. अल्टरनेटरचे १४.२ व्होल्ट आणि १५ अँपिअर करंट धरून हिशोब करूया:

- १२ गेजची वायर: सुमारे १.१ व्होल्ट वाटेत जातात, बॅटरीला १३.१ मिळतात
- १० गेजची वायर: सुमारे ०.७ जातात, १३.५ मिळतात
- ६ गेजची वायर: सुमारे ०.३ जातात, १३.९ मिळतात

अमेरिकन गेज पद्धतीत आकडा लहान तशी वायर जाड, हे विसरू नका. १३.१ व्होल्टवर बॅटरी चार्ज होते, पण मुंगीच्या पावलांनी. त्यात फ्रीज १२ व्होल्टवर चालू असेल तर तो एकटाच १० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी रिकामी राहण्याचं हे एक मोठं कारण आहे. प्रवासात फ्रीज १२ व्होल्टवर ठेवून प्लग काढून बघा, बॅटरी किती वेगाने उतरते ते कळेल.

ड्रॉप मोजायची पद्धत: इंजिन चालू, चार्जिंग चालू. लांब वायर वापरून मल्टिमीटरचं एक टोक ट्रकच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कॅम्परच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. येणारा आकडा म्हणजे त्या बाजूला वाया जाणारं व्होल्टेज. मग हेच निगेटिव्ह ते निगेटिव्ह करा. दोन्ही आकडे शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं.

नवीन ट्रक आणि लिथियम बॅटरी

नवीन गाड्यांमध्ये अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असतो. इंधन वाचवण्यासाठी ट्रकची बॅटरी भरली की कॉम्प्युटर व्होल्टेज खाली आणतो. मग कॅम्परच्या बॅटरीपर्यंत पुरेसं काही पोहोचतच नाही. वायरिंगमध्ये दोष नसतानाही चार्जिंग होत नाही.

यावर उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी चार्जर. तो कमी-जास्त व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढंच नेमकं देतो. मोबाईलचा फास्ट चार्जर जसा फोनशी बोलून ठरवतो, साधारण तसं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला तर तो हवाच. ही बॅटरी थेट जोडली तर खूप जास्त करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून खराब होऊ शकतो. चार्जर हा करंट मर्यादेत ठेवतो. मात्र त्यासाठी जाड वायर वेगळी ओढावी लागते, ७ पिनांच्या प्लगवर तो भार टाकायचा नाही.

आणि आमच्या कोड्याचं उत्तर

पंपावर आम्ही निगेटिव्ह ते निगेटिव्ह मोजलं. शून्याजवळ यायला हवं होतं, आलं अडीच व्होल्ट. ग्राउंडची वायर तुटलेली होती!

पण ग्राउंड तुटलं असेल तर शुक्रवारी दिवे लागले कसे? तेच तर गंमतीचं आहे. कॅम्पर लाकूड आणि फायबरग्लासचा, खाली रबर मॅट. ट्रकच्या बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त त्या एका पांढऱ्या वायरने येतो. ती तुटल्यावर करंटने दुसरा रस्ता शोधला: कॅम्परच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून चार्जिंगच्या वायरने उलटा ट्रकमध्ये, तिथून टेल लाइटच्या वायरने दिव्यांत आणि दिव्यांतून कॅम्परच्या निगेटिव्हला परत. म्हणजे जी वायर बॅटरी भरणार होती, तीच तिला रिकामी करत होती. बाहेरचे दिवे पहिल्या दिवसापासून ट्रकवर नव्हे, कॅम्परच्या बॅटरीवर चालले होते.

इंजिन बंद केल्यावर चार्जिंगचा रिले तुटायचा, तो रस्ता बंद व्हायचा आणि दिवे मरायचे. चालू केलं की रिले जुळायचा, दिवे जिवंत. जुन्या पद्धतीचा एक छोटा मार्कर बल्ब साधारण पाव अँपिअर घेतो. असे दहा बल्ब आणि टेल लाइट मिळून चारेक अँपिअर झाले. पाच तासांत २० अँपिअर-अवर गेले. हीटरने उरलेलं संपवलं.

दोष सापडला तो कॅम्परच्या आत, जिथे पांढरी वायर निगेटिव्हच्या पट्टीला जोडली होती. थिंबल गंजून वायरपासून सुटलं होतं, बाहेरून मात्र जागेवर दिसत होतं. वायरचं टोक नव्याने सोललं, नवीन थिंबल दाबून बसवलं, बोल्ट घट्ट केला. दिवे लख्ख, चार्जिंग १३.४. नवीन बॅटरी घ्यायची गरजच नव्हती.

म्हणून ही चाचणी लक्षात ठेवा: इंजिन चालू ठेवून, दिवे लावून चार्जिंगचा फ्यूज काढा. दिवे तसेच राहिले तर ग्राउंड ठीक. विझले किंवा विचित्र वागले तर पांढरी वायर तपासा.

मोबाईलचा उपयोग कसा करायचा?

- कुठलीही वायर काढण्याआधी फोटो काढा, वेगवेगळ्या बाजूंनी
- एकटे असाल तर फोन मागे ट्रायपॉडवर ठेवून व्हिडिओ लावा, मग पुढे बसून एकेक दिवा लावा आणि नंतर बघा
- निघण्याआधी दोन वेळा दिवे तपासा: एकदा इंजिन चालू असताना, एकदा बंद असताना
- बॅटरीला ब्लूटूथ मॉनिटर लावला तर करंट आत येतोय की बाहेर जातोय ते ॲपवर दिसतं. आमच्याकडे तो असता तर शुक्रवारीच कळलं असतं

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकू का?
अजिबात नाही. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. मोठा टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर लाकडी भिंतीतून गेलेली असते. आणखी एक: चार्जिंगच्या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवेत.

एलईडी दिवे लावल्यावर ते बारीक लुकलुकतात, का?
काही ट्रक बल्ब शाबूत आहे का हे बघायला वायरमध्ये क्षणभराचे पल्स सोडतात. जुन्या बल्बला ते जाणवत नाहीत, एलईडी मात्र तेवढ्यातही चमकतो. त्यासाठी लोड रेझिस्टर मिळतात, पण ते खूप तापतात. लाकूड किंवा प्लास्टिकवर बसवू नका.

भारतात हे उपयोगी आहे का?
पिनांची रचना आणि रंग इथले आहेत, ते तसेच्या तसे वापरू नका. आपल्याकडचे मोठे ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे असतात, त्यामुळे १२ व्होल्टचं सामान जोडण्याआधी मोजून घ्या. पण ग्राउंड, व्होल्टेज ड्रॉप आणि फ्यूजचे नियम सगळीकडे सारखेच. कॅम्पर व्हॅन असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो की घरची बाईक, दिवे विचित्र वागायला लागले की आधी अर्थ तपासा.

मित्रांनो, दिवे लागले म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून निघू नका, ते कुठल्या बॅटरीवर लागलेत तेही बघा. तुमच्या गाडीच्या वायरिंगमध्ये असा काही चक्रावून टाकणारा दोष सापडला असेल तर कॉमेंटमध्ये नक्की लिहा, आणि सहलीला निघालेल्या मित्राला हा लेख आधी पाठवा!